थोरलीची मान

थोरली जाऊ कायम मान वर करून चालायची. दुधाची पिशवी आणायला निघाली तरी असा थाट, की समोरच्याने आपणहून वाट सोडावी. कारण कुणाला विचारावं लागत नसे, ती आधीच सांगून मोकळी व्हायची. लग्नाआधी ती शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची, तेव्हा समोरच्या शिल्पकाराने तिला पुतळ्यासाठी उभं केलं होतं. दूरच्या शहरात चौकात डोक्यावर पाटी घेऊन उभी असलेली ती पाटीवाली म्हणजे आपणच, असं तिचं म्हणणं.

धाकटीने ही कथा इतक्यांदा ऐकली होती, की थोरली अडली तर पुढचं तीच सांगायची. पुतळा घरात कुणीच पाहिला नव्हता. वर्तमानपत्रातला फोटो लांबून काढलेला, चेहऱ्याच्या जागी नुसता ठिपका. "ताई, ठिपका अगदी तुमच्यावर गेलाय हो," असं धाकटी म्हणायची, आणि मग संध्याकाळपर्यंत दोघींचा अबोला.

शिल्पकार वारल्यावर बऱ्याच वर्षांनी त्याचा स्टुडिओ लोकांना बघायला खुला झाला. एकदाचा सोक्षमोक्ष लावू या, म्हणून धाकटीनेच तिकिटं काढली. थोरलीने ठेवणीतले कपडे घातले खरे, पण मनात धाकधूक होती. एवढी वर्षं मिरवलेलं खोटं निघालं, तर घरात तोंड कसं दाखवायचं?

आत उंच खिडक्या, मातीचा हौद, हत्यारं, सगळं जिथल्या तिथे. मधोमध पाटीवालीचा मूळ प्लास्टरचा पुतळा. थोरली तरातरा समोर गेली आणि थबकली. पाटीवालीचं नाक बसकं, हनुवटी रुंद. थोरलीचं नाक म्हणजे सुरी.

माहिती सांगणाऱ्या मुलीने खुलासा केला, की चेहरा शिल्पकाराच्या बहिणीचा. एकाच बाईवरून ते अख्खा पुतळा कधी करत नसत. चेहरा एकीचा, हात दुसरीचे, पाय तिसरीचे. शिवाय माती सुकू नये म्हणून काम थांबलं की पुतळा लगेच ओल्या फडक्यात गुंडाळला जायचा, त्यामुळे आपलं नेमकं काय घेतलंय हे उभी राहणारीलाही कळत नसे.

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती धाकटीच्या टोमण्याची वाट बघत राहिली. टोमणा धाकटीच्या जिभेवर आलाही होता, पण तिची नजर पाटीवालीच्या पायांवर गेली आणि ती तिथेच उकिडवी बसली. करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली. अंगठ्याजवळचं बोट अंगठ्याहून लांब. थोरली टायफॉइडने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा हेच पाय धाकटीने रोज चोळले होते.

"चपला काढा, ताई," ती म्हणाली.

थोरलीने काढल्या. मुलीने वाकून आधी हे पाय बघितले, मग ते, मग पुन्हा हे. शेवटी हसून म्हणाली, की पायांवर भार नीट पडावा म्हणून शिल्पकार उभं राहणाऱ्याला मान वर ठेवायला सांगायचे.

"म्हणजे मान पायांसाठी होती?" थोरलीचा आवाज अगदी बारीक झाला.

"मग काय झालं? ती बाई तुमच्याच पायांवर उभी आहे. आणि आपलं घरही." एवढं बोलून धाकटीने घाईघाईने डोळे पुसले.

परतताना थोरली रस्ताभर स्वतःच्या पायांकडे कौतुकाने बघत चालली होती.

"ताई, वर बघा," धाकटीने तिचा दंड धरला. "खांबावर आपटाल."