सुभद्रेचे पुढचे भाग

"शेवटचं पान काढ. जगली का मेली, तेवढं आधी बघ."

भुताच्या गोष्टीचा नवा भाग हातात पडला की नर्सबाई हेच म्हणायच्या. मी शेवटचं पान काढायची. तिथे कोणी जगलेलं नसायचं आणि मेलेलंही नसायचं. कोणीतरी दार ठोठावत असायचं आणि खाली 'पुढील भागात' एवढंच छापलेलं असायचं.

"ह्या लेखकाला एकदा बाळंतपणाला न्यायला हवा," त्या चिडून म्हणायच्या. "मग कळेल, मधेच उठून जाता येत नाय."

पोलादपूरच्या दवाखान्यात माझे वडील डॉक्टर होते आणि त्या नर्स. मी मुंबईच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन घरी आले होते. लग्न ठरेपर्यंत मी काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. दुपारी दवाखान्यातली गर्दी ओसरली की मागच्या खोलीत नर्सबाई स्टोव्हवर सुया उकळायला ठेवत आणि मी मोठ्याने भुताची गोष्ट वाचत असे. त्यांना वाचता येत होतं, पण एका जागी बसवत नव्हतं. पाणी पितानासुद्धा न बसणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, त्यांतल्याच त्या. वाचन चालू असताना दारापर्यंत जायच्या, खिडकीशी यायच्या, गुंडाळलेलं बँडेज उलगडून पुन्हा गुंडाळायच्या.

मी जोडाक्षरांपाशी अडखळायची.

"तुमच्या शाळेत भुतं नव्हती काय गो?"

"होती. पण इंग्रजी बोलायची."

त्या इतक्या हसल्या की हातातले कापसाचे बोळे जमिनीवर सांडले. माझ्या बोलण्याला असं कोणी हसेल, हे मला तोवर माहीत नव्हतं.

ते भाग महाडहून एसटीचा कंडक्टर आणून द्यायचा. आम्ही नवव्या भागापासून सुरुवात केली होती. आधीचे कुठे मिळाले नाहीत. गोष्ट सुभद्रा नावाच्या बाईची. ती बाळंतपणात गेली होती आणि मुलासाठी घरी परत येत होती. सुरुवातीला ती नुसती पाळण्यापाशी उभी राहायची. पण मालिका लांबली तशी ती बदलत गेली. गडीमाणसांचे गळे दाबू लागली, रक्त पिऊ लागली.

"हिला पोर हवंय. रगत कशाला पिईल?" नर्सबाई म्हणायच्या. "आधी बरी होती गो. ह्यानं बिघडवली."

मग गोष्टीत एक मांत्रिक आला. त्याने स्मशानापासून घरापर्यंत मोहरी पेरली. आपल्याकडेही बाळंतीण गेली की पेरतात. तिने दाणा न् दाणा वेचल्याशिवाय पुढे यायचं नाही आणि कोंबडा आरवला की परत फिरायचं. लेखकाने ह्या वेचण्यावर भागामागून भाग काढले.

"अजून वेचतेच हाय?"

"अजून वेचतेय."

"हा खुर्चीत बसून लिवतोय. तिची कंबर मोडली त्याचं काय?"

एकदा मी धीर करून विचारलं, "नर्सबाई, तुम्ही भुतं मानता?"

"नाय. इतकी वर्षं रानातून येतेजाते, एक भेटलं नाय." स्टोव्हला पंप मारून त्या म्हणाल्या, "बाळंतीण मानते."

त्याच हिवाळ्यात उमरठच्या वाटेवरच्या एका वाडीतून त्यांना बोलावणं आलं. मुलगी माझ्याच वयाची. बोलावलं होतं फार उशिरा. मूल वाचलं, ती गेली.

पुढचं मला कळलं ते तिचे दीर वडिलांकडे तक्रार घेऊन आले तेव्हा. प्रेत उचलल्यावर सासूने वाटेवर मोहरी पेरली होती. बाळाला बघायला मागे थांबलेल्या नर्सबाईंनी केरसुणी घेतली, वळणापासून उंबऱ्यापर्यंत सगळी मोहरी झाडली आणि ओढ्यात टाकली.

"नर्सबाई, तुम्ही सरकारी माणूस," वडील म्हणाले. "असल्या गोष्टींत कशाला पडलात?"

"डॉक्टरसाहेब, पोरगी माझ्या हातात गेली. तिनं पोराचं तोंडसुद्धा पाह्यलं नाय. आणि वर तिला मोहरी वेचायला लावायची?"

वडिलांनी उगाचच थर्मामीटर झटकला.

ते घर मात्र घाबरलं. मूल मामाकडे पोचवलं, सासू थोरल्या मुलाकडे राहायला गेली, दाराला कुलूप लागलं. हे कळल्यापासून नर्सबाईंचं कशात लक्ष लागेना. उकळलेल्या सुया पुन्हा उकळायला टाकत. नवा भाग आला तेव्हा मी तो पुढे केला.

"आता नको गो." त्या दाराशी जाऊन परत आल्या. "वाट मोकळी केली नि घर रिकामं. येईल नि बघेल, तर कुलूप. कुठं शोधायचं तिनं?"

मला वाटलं त्या सुभद्रेबद्दलच बोलताहेत.

पुढे वर्षभरात त्यांची खाडीपलीकडे बदली झाली. माझंही लग्न झालं. सुभद्रेचं काय झालं ते मी कधी वाचलं नाही. नर्सबाईंचं पुढे काय झालं, तेही मला ठाऊक नाही. माझ्याजवळ त्यांची बदलीआधीची एक दुपार तेवढी राहिली आहे.

"चल, येतेस?" त्या म्हणाल्या, आणि घरात न विचारता मी निघाले. आधी मामाची वाडी. तिथे त्यांनी बाळाला उघडं करून पाहिलं, मांड्या चाचपल्या, दुधाचं विचारलं. मग ओढा ओलांडून त्या कुलूपबंद घरी. अंगणात पाचोळा साचला होता. ओट्यावर पिशवी ठेवून त्या बसल्या आणि वाटेकडे तोंड करून, पेशंटच्या घरच्यांशी बोलत तशा साध्या आवाजात बोलू लागल्या.

"पोर हितं नाय गो. तुझ्या भावाकडं हाय, ओढ्याच्या पल्याड, फणसाच्या बाजूचं घर. शेळीचं दूध घेतंय. त्यानं आता अंग धरलंय. जा, बघून ये. दमली असशील तर बस जरा."

मी ओट्यावर थोडी सरकले आणि जागा केली.