सात नंबरची जर्सी

खराडीला आमच्या ऑफिसमागे बास्केटबॉलचं कोर्ट आहे. काल दुपारी तिथून जाताना कोणीतरी गुडघ्याला मलम चोळत बसलं होतं. त्या उग्र वासासरशी मी पंचवीस वर्षं मागे, स्वारगेटच्या एसटी फलाटावर जाऊन उभा राहिलो.

विद्यापीठाचा आमचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघाला होता. संघात जर्सी धुऊन पुढच्या खेळाडूला द्यायची, आणि ही स्पर्धा खेळून आल्यावरच तिच्या आतल्या शिवणीवर आपलं नाव लिहायचं, असा रिवाज होता. माझ्या सात नंबरवर पाच नावं होती. सहावं माझं लागणार होतं. पण त्याच दिवशी मला सॉफ्टवेअर कंपनीत रुजू व्हायचं होतं, म्हणून मी फक्त जर्सी परत करायला आलो होतो.

आमच्या प्रशिक्षक सरांच्या हातांना कायम त्या मलमाचा वास यायचा. त्यांनी घडी उलगडली, नावांवरून अंगठा फिरवला.

"इस्त्रीही केलीस. छान. निघा आता, साहेबांना ऑफिसला उशीर नको व्हायला."

तो टोमणा इतका लागला, की मी मागे वळून पाहिलंच नाही. नंतर कितीदा वाटलं, भेटून यावं. गेलो नाही.

गेल्या महिन्यात सर वारले. शोकसभेत आमचा तेव्हाचा कॅप्टन भेटला.

"तू गेल्यावर सरांनी कंडक्टरला दहा मिनिटं थांबवून धरलं होतं रे," तो म्हणाला. "तुझी जर्सी हातात घेऊन एसटीच्या दारातच उभे होते. म्हणत होते, येईल तो."