बरणीतला शार्क चालतो, असं देवराम म्हणायचे

काल दुपारी देवराम हटवार गेले. शाळेच्या ग्रुपवर तेव्हापासून सगळे एकच लिहिताहेत, "साधाभोळा माणूस." म्हणून हे लिहावं लागतंय.

देवराम भोळे नव्हते.

चुकत मी होते. एकोणीस वर्षं.

भिलाईतल्या ज्या शाळेत मी बायोलॉजी शिकवली, तिथे ते लॅब अटेंडंट होते. परदेशातून परतलेल्या एका इंजिनिअरने लॅबला फॉर्मलिनमध्ये ठेवलेला हातभर लांबीचा शार्क दिला होता. मी एकदा बघितला आणि लेबल लावलं. स्कोलिओडॉन.

कॉलेजात आम्ही सगळ्यांनी तोच फाडलेला. छोटा शार्क म्हणजे स्कोलिओडॉन, विषय संपला. खाली 'आयडेंटिफाइड बाय' च्या पुढे माझं नाव.

वर्षातून एकदा बरण्या धुऊन फॉर्मलिन बदलायचं काम देवरामांचं. पहिल्याच वर्षी त्यांनी शार्क ट्रेमध्ये ठेवला आणि मला बोलावलं.

"मॅडम, याचे पर पाहा. जाड हायेत, पंज्यासारखे. पोट सपाट. हा पोहनारा नाही वाटत मले. हा चालते."

"देवराम, तुम्ही बरण्या पुसा. नावं मी देते."

हे मी भर वर्गात बोलले. मग मुलांना विषयच मिळाला.

"देवराम भैया, शार्क टहलने गया क्या?"

"हव, सेक्टर छै तक गया है. आ ही रहा होगा."

मुलं हसायची. मीही हसले आहे.

त्यांनी हट्ट कधी केला नाही. फक्त दरवर्षी बरणी कपाटात ठेवताना विचारायचे, "लेबल तेच ठेवू का, मॅडम?"

"तेच."

तीन आठवड्यांपूर्वी फोनवर एक व्हिडिओ आला. ओहोटी लागलेली, प्रवाळ उघडं पडलेलं, आणि एक छोटा शार्क परांवर चालत एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात निघालेला. कल्ल्यांच्या मागे मोठा काळा डाग.

एपॉलेट शार्क.

तो डाग एकोणीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर बरणीत होता.

देवराम रुआबांध्याला, आजारी. माझ्या घरून स्कूटीवर पंधरा मिनिटं. मी म्हटलं, ऊन जरा उतरू दे.

उन्हाचं निमित्त होतं. "माझं चुकलं" म्हणायला जायचं होतं, आणि ते तोंडातून निघणार नव्हतं.

काल मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा अंगणात लोक जमलेले. त्यांच्या सुनेला बाजूला घेऊन व्हिडिओ दाखवला. तिने बघितला न बघितला.

"हा तं बाबांजवळ दोन वर्सांपासून होता, मॅडम. मी म्हटलं, मॅडमले पाठवा. तं म्हने, त्या रिटायर झाल्या आता, कावून त्यांच्या डोक्याले ताप?"

दोन वर्षं त्यांना माहीत होतं. गेल्या दिवाळीला माझ्याकडे चहा पिऊन गेले. एक शब्द नाही.

मला तुमचा राग आलाय, देवराम. पाठवायचा होता. मी चिडले असते, चार दिवस बोलले नसते. पण लेबल तुमच्या हाताने बदललं गेलं असतं.

आज सकाळी शाळेत गेले. नवे प्रिन्सिपल म्हणाले, "मॅम, आपकी भावना समझता हूँ. लेकिन स्टॉक रजिस्टर में जो नाम है, वही रहेगा. चेंज के लिए एप्लिकेशन दीजिए."

"भावना नहीं है, गलती है. मेरी है. एप्लिकेशन किसको दूँ, खुद को?"

शेवटी तिथेच बसून लिहून दिलं. कपाट उघडायला दुपार झाली. बरणीतलं फॉर्मलिन तळाला गेलेलं. देवराम रिटायर झाल्यापासून कोणी हात लावलेला नाही.

या, देवराम. तुम्हाला निरोपही मी उशिराच देते आहे.

आज शाळेच्या बायोलॉजी टीचरकडे सोपवलं, सही घेतली:

बरणी एक, फॉर्मलिन नवीन भरून.
शार्क एक.
लेबल एक, माझ्या अक्षरात. एपॉलेट शार्क, परांवर चालतो. आयडेंटिफाइड बाय देवराम हटवार, लॅब अटेंडंट.

जुनं लेबल मी घरी आणलं आहे.