सत्तावीस सेकंद

माझी धाकटी बहीण पुस्तकं बांधते. बावीस वर्षं तिच्या बोटांना सरसाचा वास आहे आणि जिभेला धार. फाटकं पुस्तक पुढ्यात आलं की आधी आणणाऱ्याला झापते, म्हणून गिऱ्हाइकं तिला मास्तरीणबाई म्हणतात.

बुधवारी तिने मला तातडीने दुकानात बोलावलं. एका मोठ्या ग्रंथालयाचं वर्षभराचं काम तिला मिळायचं होतं. तिथल्या ग्रंथपालबाईंनी नमुने बघायला तिची वेबसाइट उघडायला घेतली, तर ती उघडेचना. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "पाचला समिती बसतेय. तेव्हाही असंच झालं तर माझा नाइलाज आहे."

मी पोहोचलो तेव्हा दोन वाजले होते.

"सत्तावीस सेकंद लागतात," ती म्हणाली. "तेवढ्यात कुणीही उठून दुसऱ्याकडे जाईल. मीसुद्धा जाईन."

आमच्या घरात एक खोड आहे. नातलगाने काही दिलं की नाही म्हणायचं नाही. दुकानात म्हणूनच भिंतीवर तीन घड्याळं आहेत. साइटचंही तेच झालं होतं. प्लगइन म्हणजे साइटला वरून जोडायचा तयार तुकडा. तिच्या दिरांनी सरकत्या चित्रांचा बसवला, जाऊबाईंनी पडद्यावर झडणाऱ्या झाडाच्या पानांचा, मावशीच्या जावयाने गप्पांच्या खिडकीचा. मोजले तर एकोणीस निघाले.

"फुकट मिळतं म्हणून जो तो आणून चिकटवतो," मी चिडून म्हणालो. "हे कशाला हवं, असं एकानेही विचारलं नाही."

"भाषण नको, दादा. काढ."

सरसकट काढणं मला जमत नाही. आधी साइटची प्रत ठेवली. मग एकेक प्लगइन बंद करून साइट नव्याने उघडायची आणि सेकंद कागदावर लिहायचे. चौकशीचा फॉर्म अर्धा सेकंदही खात नव्हता, तो ठेवला. झडती पानं चार सेकंद खात होती. फोटो लहान करणारे तर दोन-दोन होते, एकमेकांच्या पायात पाय घालत.

"जाऊबाईंना म्हणावं, पानं अंगणात झाडा," बहीण म्हणाली.

साडेचारला चौदा बंद झाले होते, तरी साइट अकरा सेकंद घेत होती. माझं डोकं सणकलं. दिरांना फोन लावायलाच निघालो होतो.

"या एकापुढे सेकंद का नाहीत?" तिने कागदावर बोट ठेवलं.

तो माझा होता. साइटवर कोण आलं, कधी आलं, किती वेळ थांबलं, याची बारीक नोंद ठेवणारा. तो तपासायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"नोंद लागतेच," मी म्हणालो.

"वर्षभरात कधी उघडून बघितलीस?"

बघितली नव्हती. बंद केला. साइट तीन सेकंदांत उघडली.

तिने पेन घेतलं आणि माझ्या प्लगइनपुढे स्वतःच 'आठ' लिहिलं.

सव्वापाचला ग्रंथपालबाईंचा फोन आला. समितीने सगळे नमुने बघितले होते. पहिली दोनशे पुस्तकं सोमवारी येणार होती. बहिणीने फोन ठेवला, स्टुलावर चढून मधलं घड्याळ उतरवलं आणि माझ्या हातात दिलं.

"हेही तूच दिलं होतंस. रोज दहा मिनिटं मागे पडतं."