तीनशे पिल्लांचा राउंड

"डॉक्टर, आजही क्रॉप रिकामेच. तुम्ही याच."

फोन रेखाताईंचा. आयुष्यभर हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या. रिटायर झाल्यावर कल्याणच्या पुढे, गावी पोल्ट्री टाकलेली. पहिलीच बॅच, तीनशे पिल्लं, आणून तीन दिवस झालेले. क्रॉप म्हणजे पिल्लाच्या मानेखालची पिशवी. खाल्लेलं आधी तिथे साठतं. बोटांनी चाचपलं की कळतं, पिल्लू जेवलंय की उपाशी.

कोपरीच्या माझ्या जनावरांच्या दवाखान्यातून निघालो तेव्हा मला संशय इन्फेक्शनचा. शेडमध्ये पाहिलं तर बल्बची ऊब बरोबर, पाणी स्वच्छ, फीड ताजं. पिल्लं मात्र कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली.

"अँटिबायोटिक सुरू करू?" रेखाताईंनी विचारलं.

"थांबा. मी इथे नाहीच असं समजा आणि रोजचं काम करा."

त्यांनी ग्लोव्हज घातले, स्टुलावर बसल्या. पिल्लू उचललं, क्रॉप चाचपला. "रिकामा." त्यांच्या मिस्टरांनी वहीत लिहिलं. मग दुसरं. मग तिसरं.

"किती तपासता?"

"सगळी. दर तीन तासांनी राउंड."

"हे कोणी सांगितलं?"

"अहो, तुम्हीच की! फोनवर म्हणालात, क्रॉप तपासत राहा."

म्हणालेलो खरा. किती पिल्लांचे, ते सांगायचं राहिलेलं.

मी समजावलं, एवढ्याशा पिल्लाला वरून येणारा हात म्हणजे घारच. ते घाबरलं की शरीरात ताणाची हार्मोन्स सुटतात. त्यातलं एक मेंदूत सुटतं, ते भूकच दाबून टाकतं. जीव वाचवायचा असताना जेवण कुणाला सुचतं?

रेखाताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच उपाशी ठेवलं त्यांना?"

"आपण दोघांनी. आता दुपारपर्यंत आत जायचं नाही."

बाहेर खुर्च्या टाकून बसलो. मिस्टरांनी चहा केला. रेखाताई चारदा उठल्या.

"बस गं," मिस्टर म्हणाले. "डिस्चार्ज दिलाय त्यांना."

तासाभराने आतून आवाज यायला लागला. टपटप, टपटप. आम्ही जाळीतून डोकावलो. फीडच्या ट्रेभोवती पिवळी गर्दी, आणि दोन पिल्लं तर चक्क ट्रेमध्येच उभी राहून खात होती. रेखाताईंनी तोंडावर हात दाबला. हसू आवरत नव्हतं, आणि आवाज करायची चोरी!

दुसऱ्या दिवशी फोनवर आवाज खणखणीत. "दहाच तपासली हो डॉक्टर. दहाही क्रॉप टम्म!"

ती बॅच छान वाढली. मी मात्र एक शिकलो. औषधाचा डोस आपण न चुकता लिहितो, सल्ल्याचाही लिहायला हवा.