रिकाम्या लॅपटॉपचं वजन

माझं निम्मं आयुष्य साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलं आहे. उसाची गाडी आली की भरलेली तोलायची, ऊस उतरवून परत आली की रिकामी तोलायची. एकातून दुसरं वजा केलं की उसाचं वजन. कुठलाही आकडा दिसला की तो कशातून वजा होणार, हे मी आधी बघतो. त्यामुळे मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे.

मुलगी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आम्ही धारूरला राहतो, तिचं कॉलेज अंबाजोगाईला. ती रोज एसटीने जाऊन येऊन करायची. शेवटच्या वर्षी चौघांनी मिळून एक यंत्र बनवायचं असतं. पऱ्हाटीचा भुगा करणारं छोटं यंत्र, ही कल्पना तिची. कापूस वेचून झाल्यावर आमच्या रानात उभी राहिलेली पऱ्हाटी तिने स्वतः उपटलेली आहे, त्यामुळे कोणतं खोड किती चिवट असतं हे तिला ठाऊक. पण यंत्राचं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायचं होतं. कॉलेजची लॅब पाच वाजता बंद व्हायची, आणि गटातल्या तिघा मुलांपैकी एकाकडेच ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चालेल असा लॅपटॉप होता. हळूहळू सगळं ड्रॉइंग त्याच्याकडे सरकलं. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "ते म्हणतेत, तू रिपोर्ट लिही. तुझं अक्षर चांगलं हाय."

"मग लिही की," माझी बायको म्हणाली.

"मम्मी, रिपोर्ट टाईप करायचा असतो. अक्षराचा काय संबंध?"

आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही. लॅपटॉपचं तिथंच ठरलं.

मी काट्यावर चौकशी सुरू केली. एक सहकारी म्हणाला, "जीबी जास्त बघा, बाकी काय बघू नका." दुसरा म्हणाला, "जीबी दोन तऱ्हेचे असतेत." कोणते, ते त्याच्या भाच्याला माहीत. भाच्याला फोन लावला. त्याने विचारलं, गेम खेळायला पाहिजे का? नाही म्हटल्यावर त्याचा बोलण्यातला रसच गेला. तोवर माझ्याकडे बरेच आकडे जमले होते: सोळा, पाचशे बारा, बारावी पिढी, पंधरा पूर्णांक सहा. यातला कोणता कशातून वजा करायचा, हे मात्र कोणीच सांगितलं नव्हतं. पंधरा पूर्णांक सहा ही पडद्याची लांबी आहे, हे मला दोन दिवसांनी कळलं. तोवर मी ती कशाकशात मिळवून बघितली होती.

रविवारी मी आणि मुलगी अंबाजोगाईला निघालो. बायको दारातून म्हणाली, "वजनकाटा बी घेऊन जावा संगं."

दुकानदाराने दोन लॅपटॉप पुढे ठेवले. किमतीत फार फरक नव्हता. पहिल्यात रॅम सोळा जीबी, पण चित्रांचं काम बघणारं ग्राफिक कार्ड वेगळं नाही. दुसऱ्यात रॅम आठच, पण कार्ड वेगळं. "रॅम म्हणजे काम करताना सामान मांडायची जागा," तो म्हणाला, आणि हे मला पटलं.

"हिच्या सॉफ्टवेअरला कोणता चालंल?" मी विचारलं.

"हा बी चालतो काका, आन् तो बी चालतो."

"मग दोन कावून ठेवलेत?"

तो हसला. मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, कार्ड लागतं. सर म्हणलेत."

पण कार्डाच्या आकड्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं, आणि न कळणाऱ्या आकड्यावर मी सही करत नाही. मी दुकानदाराला म्हणालो, "दोन्ही चालू करा. काही उघडू नका. रिकामे असताना किती जागा खातेत ते दाखवा."

"रिकामे कावून बघायचे?"

"त्यांना काटा करायचाय," मुलगी म्हणाली. लाजलेली होती, पण तिने स्वतःच तो आकडा पडद्यावर काढून दिला.

दोन्ही लॅपटॉप काहीही न करता चारेक जीबी खात होते. म्हणजे पहिल्यात बारा उरत होते, दुसऱ्यात चार. माझ्या हिशेबाने निकाल लागला होता. तेवढ्यात पहिल्याच्या पडद्यावर मला सोळाच्या जागी पंधरा पूर्णांक चार दिसले.

"बाकीचे कुठं गेले?"

"ते ह्याने चित्रासाठी काढून ठेवलेत," दुकानदार म्हणाला. "वेगळं कार्ड न्हाई ना ह्याला."

उसाला चिकटलेल्या पाल्याची, पाचटाची, वजावट धरली की शेतकरी काट्याच्या खिडकीशी येऊन जसा बघतो, तसा मी त्याच्याकडे बघत राहिलो.

मग दुकानदाराने दोन्हीवर ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि मुलीने पेन ड्राइव्ह लावून तिचं यंत्र उघडलं. पहिल्या लॅपटॉपवर निम्म्याहून जास्त जागा रिकामी दिसत होती, तरी तिने यंत्र फिरवलं की ते अडखळत फिरायचं, मध्येच थांबायचं. दुसऱ्यावर तेच यंत्र सरळ गरगर फिरलं. मला बरं वाटलं. मग तिने आतले सगळे सुटे भागही जोडून पूर्ण यंत्र उघडलं, आणि आठची जागा काठोकाठ भरून तोही गप्प बसला. म्हणजे जिथे जागा होती तिथे गाडी हलत नव्हती, आणि हलत होती तिथे जागा नव्हती.

"ह्यात अजून एक रॅम बसंल," दुकानदार म्हणाला. "कप्पा रिकामा हाय."

कोरा लॅपटॉप खोलायचा, हे माझ्या मनाला काही केल्या पटेना. एवढी जागा होती तर बनवणाऱ्याने ती रिकामी का सोडली? मी मुलीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. थांबलेल्या पडद्यावरच्या पात्यांवर तिची नजर होती.

"बसवा," मी म्हणालो.

त्याने आमच्यासमोर स्क्रू काढून रॅम बसवली. वॉरंटीचं मी तीनदा विचारलं.

मंगळवारी ती कॉलेजला लॅपटॉप घेऊन गेली. संध्याकाळी घरात पाऊल ठेवताच बायकोने विचारलं, "काय ठरलं?"

"पाती आन् पऱ्हाटी घालायचं तोंड माझ्याकडं. सांगाडा त्या लॅपटॉपवाल्या पोराकडं राहिला."

"आन् रिपोर्ट?"

"त्याच्यावर अजून भांडण चालूय."

यात तिला निम्मं मिळालं की निम्म्याहून जास्त, हे मला ठरवता येईना. यंत्रात पात्यांचं काम किती आणि सांगाड्याचं किती, ते मी तिला विचारलं. "असं वजनावर नसतं, पप्पा," ती म्हणाली. चहा तसाच ठेवून तिने लॅपटॉप उघडला आणि पाती फिरवायला लागली. मी मागे उभा राहून बघत होतो. अडखळत नव्हतं, एवढं मला दिसत होतं.