वास सांगा, मत नको

सर आधी पांढरी कागदी पट्टी नाकाखाली धरायचे, डोळे मिटायचे, आणि मग शर्टाची बाही वर सारून स्वतःच्याच कोपराच्या खळगीत नाक खुपसायचे. नव्या माणसाला वाटायचं, यांना भरून आलं. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं आणि मी घाईघाईने पाण्याची बाटली पुढे केली.

"रडत नाहीये," कोपरातूनच आवाज आला. "नाक पुसतोय. एका वासावरून दुसऱ्यावर जायचं तर मध्ये आपलं स्वतःचं काहीतरी हुंगावं लागतं. ठेवा ती बाटली."

आमची कंपनी चाकणला. आजूबाजूला सगळीकडे गाड्यांचे सुटे भाग बनतात, आमच्याकडे चंदन बनतं. झाड नाही, खोड नाही, सहाण तर नाहीच. उंच स्टीलच्या टाक्यांत जिवाणू सोडायचे, त्यांना साखरेचं पाणी पाजायचं, हवा द्यायची, उबेत ठेवायचं. ते खाऊनपिऊन सुखी झाले की चंदनाच्या तेलात असतो तोच सुगंधी ऐवज तयार करतात. तो गाळून परदेशी अत्तरवाल्यांकडे जातो आणि बाटलीवर ‘नैसर्गिक’ असं छापलं जातं. त्यात खोटं काहीच नाही. फक्त टाक्यांच्या शेडमध्ये वास येतो तो आंबलेल्या पेजेचा, आणि तो कपड्यांना चिकटून कंपनीच्या बसमधून माझ्यासोबत थेट पिंपळे सौदागरला येतो. माझी शेजारीण दार उघडताना नाकाला पदर लावून विचारायची, "तुमच्याकडे अत्तराचं काम चालतं ना गं? मग तू अशी का येतेस?"

सर वास तपासणाऱ्या पॅनलचे प्रमुख. पॅनल म्हणजे आम्ही सहा जण. मी डिस्पॅचमधली, एक अकाउंट्सची, दोघं लॅबमधले, एक स्टोअरचा आणि एक कुरुळीचे वॉचमनकाका. सरांनी सगळ्या कंपनीला पट्ट्या हुंगायला लावून आमची नाकं निवडली होती. मशीन होतंच, पण सर म्हणायचे, "मशीनला तेलात काय काय आहे ते कळतं. पण अत्तर मशीन लावत नाही ना, माणूस लावतो."

सुरुवातीला आम्ही पट्टी हुंगून म्हणायचो, छान आहे. सर एकदम चिडायचे.

"छान हा वास नाही. छान हे मत आहे. वास सांगा, मत नको!"

मग आम्ही शिकलो. दुधाची साय, नवी पाटी, पेन्सिलीला टोक केल्यावरचा भुसा, पेटी उघडल्यावर येणारा शालूचा वास. चंदनात इतकं सगळं असतं हे मला चाळिशीला आल्यावर कळलं.

पॅनलच्या दिवशी पावडर बंद, तेल बंद, लसूण बंद, उदबत्ती बंद, फुलं बंद. सर दारातच उभे राहून हनुवटी वर करायचे आणि निकाल द्यायचे.

"बोंबील."

"सर, काल रात्री खाल्ले हो. दोनदा दात घासले."

"बोंबलाला ते माहीत नाही. परत जा."

स्टोअरचा माणूस बिचारा कितीदा परत गेला त्याला गणती नाही. त्याच्या बायकोने म्हणे एकदा विचारलं होतं, तुमच्या साहेबांना आमच्या घरात डोकावायला सांगितलंय कोणी?

माझ्या सासूबाईंना वेगळीच शंका होती. घरी देवाला मी कंपनीतल्या चंदनाची बारीक कुपी आणली, तर त्यांनी ती ओट्यावरच ठेवून दिली. "किड्यांनी केलेलं ना ते? देवाला कसं चालेल?" मी ते सरांना हसत सांगितलं. सर हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "पंचामृत करतात का त्या? दही कोण लावतं मग? दह्यातली मंडळी आणि आमची मंडळी एकाच भावकीतली, म्हणावं." जिवाणूंना ते कायम मंडळीच म्हणायचे. टाकी बिघडली की मंडळी रुसली, उतारा चांगला आला की मंडळी खूश. सासूबाईंनी दह्याचा मुद्दा ऐकला, विचार केला, आणि कुपी देवघरात गेली. दह्याकडे मात्र त्या दिवसापासून त्या जरा संशयाने बघायला लागल्या.

गेटजवळ आमच्याकडे चंदनाचं एक रोप आहे. ते मार्केटिंगवाल्यांनी लावलं, कारण परदेशी पाहुणे नुसत्या टाक्या बघून खट्टू व्हायचे. पाहुणे रोपाशी वाकायचे, छाती भरून श्वास घ्यायचे आणि आहाहा करायचे. सर नम्रपणे विचारायचे, "येतो ना वास?" सगळे म्हणायचे, येतो. पाहुणे आत गेले की सर आमच्याकडे वळायचे. "चंदनाचा वास आतल्या गाभ्याला असतो, आणि गाभा धरायला झाडाला कितीतरी वर्षं लागतात. या पोराला अजून कशाचाच वास नाही. पण पाहुण्यांना आला हो!" मग त्या रोपाला स्वतः पाणी घालून आत यायचे.

एका गणपतीत आम्ही सगळे सांगवीला त्यांच्या घरी गेलो होतो. आरास सुंदर, मूर्ती सुबक, पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते जरा वेळाने लक्षात आलं. घराला वासच नव्हता. धूप नाही, उदबत्ती नाही, केवडा नाही. देवापुढे फक्त जास्वंद आणि दूर्वा. सरांच्या पत्नी, त्यांना आम्ही वहिनी म्हणायचो, मोदक वाढता वाढता म्हणाल्या, "आमच्याकडे बाप्पालासुद्धा पॅनलचे नियम आहेत. फोडणीत हिंग नाही, मला कधी गजरा नाही. लग्नाआधी मी रोज माळायचे हो. मोगरा निघाला की माझी वेणी दिसायची नाही." सर मान खाली घालून मोदक खात होते. "निवृत्त झाल्यावर घाल," ते म्हणाले. "गाडाभर घाल." वहिनी म्हणाल्या, "तेव्हा केस राहिले तर." आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या.

गेल्या हिवाळ्यात सर तापाने पडले. आठवड्याभराने आले ते जरा उतरलेले दिसले, बाकी सगळं तेच. दारात उभं राहणं, हनुवटी वर करणं, कोपरात नाक. फक्त ते कोणाला परत पाठवेनासे झाले. आम्हाला वाटलं, आजारपणाने माणूस मवाळ झाला.

मग एका शुक्रवारी बसमध्ये अकाउंट्सच्या बाईने मुलगा पास झाल्याचे पेढे वाटले आणि सगळ्या बायकांच्या केसांत गजरे माळले. पॅनल अचानक ठरलं. मी धावतपळत गेले, खुर्चीत बसले, पट्टी उचलली, आणि मोगरा माझ्याच नाकात शिरला. आता सर परत पाठवणार! सर माझ्या मागूनच गेले. जरा थांबले, म्हणाले, "ताई, घाई नको, सावकाश हुंगा," आणि पुढे गेले.

मी बाहेर येऊन गजरा काढला. वॉचमनकाका मागोमाग आले आणि हळूच म्हणाले, "ताई, म्या आज तंबाखू मळून आलतो. साहेब कायबी बोललं न्हाईत." आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

सरांचं नाक गेलं होतं. हाताचा सुतार, गळ्याचा गवई, तसे आमचे सर नाकाचे होते. कंपनीत त्यांची खुर्ची, त्यांचा दरारा, त्यांचं सगळं असणं त्या नाकावर होतं. हे वर कळलं तर त्यांना कोण ठेवणार? मला त्यांची इतकी दया आली की मी दोन दिवस धड जेवले नाही. पण सरांना दया दाखवायची ती बोलून नाही, अंगाला वास असेल तर त्यांनी न सांगताच आपण दारातून परत जायचं.

म्हणून आम्ही काय केलं, तर ज्यांनी आम्हाला इतका जाच केला त्यांच्यासाठी मन लावून काम करायला लागलो. स्टोअरच्या माणसाने बोंबील सोडले. आपणहून! घरी त्याच्या बायकोला वाटलं याने माळ घातली. आम्ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचो आणि कागद सरांच्या बाजूला ठेवायचो. पूर्वी सर आधी पट्टी हुंगायचे आणि मग आमचे कागद वाचायचे. आता आधी कागद वाचायचे, मग पट्टी हुंगायचे. आम्हाला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं की आम्हाला माहीत आहे. सगळे त्या रोपाशी वाकलेल्या पाहुण्यांसारखे वागत होतो.

मग ती बॅच आली. मोठ्या गिऱ्हाइकाची पहिली ऑर्डर, आणि मशीनने पास केलेली. आम्ही पट्ट्या उचलल्या आणि सहा जणांची तोंडं एकदम वाकडी झाली. प्लांटचे साहेब दारातच उभे होते. ते आत आले.

"सर, मालाची बोट चुकेल. पॅनलचं राहू द्या, तुम्ही स्वतः सांगा. तुमचं नाक खोटं बोलत नाही."

सरांनी पट्टी नाकाखाली धरली. बराच वेळ धरली. ‘चालेल’ म्हटलं असतं तर बोट निघाली असती. ‘नाही चालणार’ म्हटलं असतं तरी साहेबांनी मुकाट ऐकलं असतं. काहीही बोलले असते तरी त्यांची खुर्ची शाबूत राहिली असती. सरांनी पट्टी खाली ठेवली.

"काका, तुम्ही बोला."

"वल्या गोणपाटाचा वास हाय, साहेब."

सगळ्यांनी माना हलवल्या. प्लांटचे साहेब वैतागले. "अहो, पण तुम्हाला काय आला?"

"मला काहीच आला नाही," सर म्हणाले. "तापापासून येतच नाही. नाक खोटं बोलत नाही हे बरोबर, पण मी बोलत होतो. आता हे सहा जण सांगतात ते खरं धरा. बॅच थांबवा."

बॅच थांबली. लॅबला दुसऱ्या दिवशी टाकीत भलतीच मंडळी शिरलेली सापडली. वरून सरांना शाबासकी मिळाली आणि तिच्यापाठोपाठ, अगदी अदबीने, मुदतीआधी निवृत्ती. निरोपसमारंभात कंपनीने त्यांना भेट काय दिली? परदेशी अत्तराची महागडी बाटली. ज्याने ती निवडली त्याचा मला आजही राग येतो. सरांनी मात्र ती दोन्ही हातांनी घेतली, बूच उघडून हुंगली आणि म्हणाले, "आहाहा." आम्ही सहा जणच तेवढे हसलो नाही.

वहिनी आल्या होत्या. त्यांच्या अंबाड्याभोवती मोगऱ्याचा घसघशीत गजरा होता. बायका कौतुक करत होत्या, किती शोभतोय. तो गजरा आता घरात चालत होता, कारण आता कशालाच हरकत उरली नव्हती.

सरांनी मला खुणेने बोलावलं. "ताई, शेवटचं पॅनल. हिच्या मागे उभ्या राहा." मग जरा थांबून, "कसा आहे?"

"छान आहे, सर."

"छान हे मत झालं."

मी वाकले. डोळे मिटले. "मोगरा. कळ्या पहाटे तोडलेल्या, आत्ता उमलतायत. केळीच्या पानाचा ओला, हिरवा वास. खाली खोबरेल." मी थांबले.

"पुढे?"

"हिंग, सर. थोडासा."

"सकाळी वरणाला घातला," वहिनी म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

सर हातात पट्टी असल्यासारखे डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी बाही वर सारली आणि कोपरात नाक खुपसलं. मी वाट पाहिली. या वेळी आतून आवाज आला नाही. मी पाण्याची बाटली पुढे केली, आणि त्यांनी ती घेतली.